शुद्धलेखन

बुधवारी दुपारी, सस्कॅचवनच्या तुरुंगात
आठ खुर्च्या मी गोल मांडते.
नववी माझी, दाराजवळची.
बाहेर उणे एकतीस,
खिडकीचं तावदान आतूनही गोठलेलं.

लॉर्न वोयतोविच आज पहिल्यांदा बोलला.
गुन्ह्याबद्दल नाही. तो फाइलीत आहे,
तिचं नाव काळ्या पट्टीखाली.
मी विचारलं होतं एवढंच:
सगळ्यात आधी कोण हसलं होतं?

तो बराच वेळ नखं बघत बसला.
मग म्हणाला, हॉकीच्या रिंकवरची कपडे बदलायची खोली.
सोळा वर्षांचे आम्ही. ओल्या मोज्यांचा वास.
भिंतीवर गावातल्या मुलींची यादी,
एकेकीपुढे मार्क, शाळेत देतात तसे.
कोच आत आले. आम्ही चिडीचूप.
त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली,
खिशातलं पेन काढलं,
एका नावातलं चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं
आणि म्हणाले, चला, बर्फावर.

गोलातलं कुणीतरी हसलं.
मग कुणीच नाही.

"तेव्हा मला वाटलं, चूक तेवढीच होती."
आणि घाईघाईने, मी काही लिहून घेण्याआधी:
"पण त्या रात्री त्यांच्यातलं कुणी नव्हतं तिथे.
मी एकटा होतो."

"एकटा नव्हतास," म्हातारा एल्डन म्हणाला,
जो कधी कुणाकडे बघत नाही.
"ती होती."

संध्याकाळी मुलाला सरावावरून आणायला गेले.
मागे तिघे, पुढे तो, डिकीत काठ्या.
फोनचा उजेड या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर.
एक नाव ऐकू येतं, ब्रिन. मग एक आकडा.
मग हसू.
माझा मुलगा आधी मागे बघतो,
मग माझ्याकडे,
आणि हसतो, अर्धंच,
लागत असलेल्या दारात पाय घालावा तसं.

अकरा वर्षं झाली, हाच प्रश्न
मी परक्या माणसांना विचारते, पगार घेऊन.

गाडी कडेला घेते.
चाकांखाली बर्फ करकरतो.
इंडिकेटर टिकटिकत राहतो आणि मागे
कुणीतरी फोन उलटा करतं मांडीवर.

कोण ही ब्रिन, मी विचारते.
सांगा ना तिच्याबद्दल काहीतरी.
तो आकडा सोडून.

वायपर एकदा जातो,
परत येतो.