बावीस फेरे

पोतोसीत आम्ही सगळेच थोडे आजारी आहोत,
असं त्या बोटाच्या चिमट्याचं म्हणणं.
समुद्रकाठच्या कुठल्याशा कारखान्यात तो बनला,
आकडा नव्वदच्या खाली गेला की किंचाळायचं
एवढंच शिकवून त्याला इथे पाठवला.
इथे, चार हजार मीटरवर,
फरशी पुसणाऱ्या तेओदोराच्या बोटाला लावला तरी सत्त्याऐंशी,
आणि ती दोन भरल्या बादल्या घेऊन जिना चढते,
वर शीळ घालत.

रोसिओ नवी होती, खालच्या मैदानातली.
दर किंचाळीला धावायची.
पहिल्याच आठवड्यात तिच्या चपलेचा पट्टा तुटला.
मी तिला बटण दाखवलं:
धोक्याची रेघ ऐंशीवर आण
आणि चहा पी.

सहा नंबरला फेर्मीन चोकेतिक्ला.
एकतीस वर्षं खाणीत, छातीत दगडाची भुकटी.
त्याच्या सलाईनचा स्टँड एका चाकाने लंगडा,
म्हणून चाकाखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, चार घड्यांचा.
जीव टांगणीला लागतो म्हणतात
तो असा.

त्याची बायको एउसेबिया
कोकाची पानं माझ्या किडनी ट्रेमध्ये ठेवायची,
सगळ्यात स्वच्छ भांडं हेच, म्हणायची.
मी ओरडायचे. मग ट्रे धुवायचे.
शेवटी एक ट्रे तिलाच देऊन टाकला,
नोंदवहीत लिहिलं: हरवला.

पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी दांडा,
पाठ उभी करायची तर फिरवायचा.
फेर्मीन डोळे मिटून मोजायचा.
"बावीस," म्हणायचा. "आमच्या विहिरीचं चाकही एवढंच होतं,
बावीस फेऱ्यांत माणूस उजेडात.
तू हळू फिरवतेस. बरोबर आहे.
वर येणाऱ्याला हिसका बसू नये."
बाविसाव्याला तो डोळे उघडायचा, खिडकीकडे बघायचा,
आणि श्वास घ्यायचा.
अर्धाच.

एकदा त्याने चिमटा काढून बायकोच्या बोटाला लावला.
त्र्याऐंशी.
"हिलाही पलंग द्या," म्हणाला,
आणि हसताना ऑक्सिजनची नळी नाकातून निसटली.
ती परत बसवायला गेले तर तो अजून हसत होता,
माझं बोट धरून:
आता तुझा आकडा बघू.

मंगळवारी पहाटे एकोणऐंशी.
यंत्र ओरडलं.
रोसिओने कप खाली ठेवला, झाकण लावलं,
आणि चालत गेली,
मी शिकवलं होतं तशी.
धावली असती तरी फरक नव्हता, डॉक्टर म्हणाले.
डॉक्टर भले आहेत,
नेहमी असंच म्हणतात.

चिमटा पुसला. यंत्रावर आकड्याच्या जागी
दोन आडव्या रेघा.
सुई काढली, पट्टीखालची कातडी
एवढीच गोरी राहिली होती.
मग मी दांडा धरला, उलटा.
एउसेबिया दारात उभी, ओठांनी मोजत.
एकविसाला तो अडकला,
कधीपासून तेल घालायचं राहिलं होतं.
मी जोर लावला. हलेना.

ती आली,
ट्रे खिडकीत ठेवला,
माझे हात बाजूला केले
आणि शेवटचा फेरा तिने फिरवला,
हळू,
हिसका बसू नये म्हणून.