पंचावन्नच्या खाली

अकरा वाजून वीस. कळव्याहून फोन:
"ऊन वाढलंय. खाली या."

तेच ऊन. वरच्या सड्यावर
बायको ज्यात आमसुलं वाळत घालते,
आगळात बुडवून पुन्हा घालते,
ते आता कुठेतरी मोजलं जातं
आणि माझ्यातून वजा होतं.

सव्वीस वर्षं या खुर्चीत एकच धडा:
तीनशे म्हणजे तीनशे.
शिमगा असो, वादळ असो,
जेट्टीला कोळशाचं जहाज लागो न लागो,
काटा हलला नाही
की शिफ्ट चांगली गेली.

आज एकशे पासष्टच्याही खाली.
एकशे वीस.

दोन गिरण्या बंद केल्या.
भट्टीतली ज्वाळा
वाऱ्यात धरलेल्या चिमणीसारखी.
रेवाळे म्हणतो, "द्या ना थोडं तेल, उभी राहील."
तेलावर कुणीही उभी करेल. थांब.

ड्रममधलं पाणी वर गेलं, खाली आलं,
पुन्हा वर,
मचव्याच्या बुडाशी साचलेलं हिंदकळावं तसं.
आम्ही चौघं एका आकड्याकडे बघत.
कुणाचा तरी चहा निवला.

रोटरच्या पोलादाला घाई सोसत नाही, रेवाळे.
तडा आज दिसणार नाही.
चार वर्षांनी दिसेल,
मी घरी असेन,
शिफ्ट तुझी असेल.

माझा बाप रापणीवर होता.
लहानपणी त्याला विचारलेलं,
एवढा मोठा दर्या, तो मागे का जातो?
बाप म्हणाला,
"दोर धर नीट."

गरम पाणी जिथे खाडीत पडतं
तिथे शरीफा भाटकर बोयटांना बसते.
तिच्याकडे मीटर नाही.
पाय बुडवते आणि गेटवरच्या पोराला ओरडून सांगते,
"आज तुमचं कमी चाललंय रे!"
तिची टोपली अर्धीच.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला कुणी सांगितलेलं नाही.

ज्वाळा टिकली. तेलाशिवाय.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
रेवाळेने फक्त खुर्ची मागे सरकवली.

साडेपाच. फोन:
"चढा."
सड्यावर बायको सुपं उचलत असेल,
बोटं लाल.
मिनिटाला तीन, रेवाळे, जास्त नाही.

एकशे तेवीस.
खाडीपलीकडे पहिला दिवा.
एकशे सव्वीस.
शरीफा अजून बसलीय का बघ,
पाणी तापतंय म्हणावं,
एकशे एकोणतीस