गाडीखालून

अरुशाच्या गॅरेजात वीस वर्षं
जीपच्या पोटाखाली उताणा लेकिशोन.
सेरेंगेटी त्याच्या ओळखीची, ती एवढीच:
टायरच्या खाचेतला काळा चिखल,
रेडिएटरच्या जाळीत कुसळं,
एकदा एक निळं पीस.

जूनमध्ये जायचं ठरलंय. आपलं आपण.
नाइसुला वहीत मांडते:
डिझेल, गेटचे पैसे, दोन रात्री, उकडलेली अंडी.
"दुर्बीण?"
मास्तरांची आहे. एकाच डोळ्याने दिसतं तिच्यातून.
"आणि सिंह नाहीच दिसला तर?"

तो हात पुसत राहतो.
नखांतलं ग्रीस काही निघत नाही.
"खिडकीशी मी बसणार," म्हणतो,
"आणि गाडी बंद पडलीच,
तर या खेपेला
दुसरं कुणीतरी उतरेल खाली."