घोड्याच्या वाटणीची

आमच्या गावाचं नाव आत-बाशी.
म्हणजे घोड्याचं डोकं.
हे सांगितलं की नारीनच्या इस्पितळातली नर्स हसायची,
मग याची फाइल उघडून गप्प व्हायची.

कोक-बोरूच्या मैदानात, मार्चच्या दगडी जमिनीवर
तोरू आधी कोसळला, मग हा.
तोरू उठला, अंग झाडलं, चरायला लागला.
हा एकोणीस दिवसांनी उठला
आणि चहाला बर्फ म्हणाला.

आता खिडकीत तीन डब्या.
मॅग्नेशियम, झोपेसाठी.
ड जीवनसत्त्व, कारण हिवाळाभर उंबरा ओलांडला नाही.
आणि माशाचं तेल, पिवळ्या गोळ्यांत,
उजेडात धरली की मधासारखी.
डबीवर लाट काढलेली आहे.
आमच्यात समुद्र कुणी पाहिलेला नाही;
त्यातल्या त्यात जवळचा कुठला, यावर
सासऱ्यांचं आणि शाळामास्तरांचं अजून भांडण चालू आहे.

डॉक्टर अनारकुल सरळ बोलणारी बाई.
"यानं मेंदू सांधला जातो असं मी म्हणणार नाही.
उंदरांना बरं वाटलं म्हणतात. माणसांचं नक्की कुणाला ठाऊक?
झोप, शांतता, वेळ.
परवडत असेल तर दे.
मला विचारल्याशिवाय चौथी डबी आणायची नाही."

परवडत असेल तर.
रविवारी गुरांच्या बाजारात
गिऱ्हाइकानं तोरूचे दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले,
डोक्याकडे कुणी बघितलंही नाही.
तेव्हापासून तबेल्याला कुलूप आहे.
दार फार वाजतं, तुझ्या डोक्याला त्रास होईल,
असं याला सांगितलंय.

रोज सकाळी पावाला लोणी, मग तळहातावर गोळी.
"आ कर," म्हणते, पोराला म्हणावं तसं,
आणि मान वळवते.
त्या एका क्षणात मला त्याच्याकडे बघवत नाही.

जूनमध्ये त्यानं चहाला चहा म्हटलं.
सासूबाईंनी मुल्लाच्या दुव्याला श्रेय दिलं,
दिरानं मेंढीच्या मुंडीच्या रश्शाला.
मी मनातल्या मनात
त्या न पाहिलेल्या माशाचे आभार मानले.

काल कोट धुवायला काढला.
खिशात पिवळ्या गोळ्या.
एकमेकींना चिकटलेल्या, लोकर लागलेल्या.
मोजल्या. एक्याऐंशी.
म्हणजे एकही पोटात गेली नव्हती.
म्हणजे चहा हा शब्द त्याचा त्यालाच सापडला होता.

मी ओरडले. किती सोम, माहितेय?
कशाचे सोम, ते मात्र जिभेवरून मागे घेतलं.
तो शब्द शोधत राहिला,
बर्फात हरवलेली मेंढी शोधावी तसा,
एका जागी थांबून, पुन्हा पुढं जाऊन.
मग म्हणाला,
"तोरूपण पडला होता ना.
त्याला कुणी देत नाही."

कोट परत खुंटीला अडकवला,
न धुताच.
गोळ्या खिशात तशाच.