पान एकशे ऐंशी

बिंदू चौकातल्या वाचनालयातून आणली,
सात दिवसांच्या बोलीवर.
मुखपृष्ठावर सुरा, मागं लिहिलंय :
शेवटपर्यंत खिळवून ठेवेल.

खिळलो खरा. खिळा कुठं ठोकलाय तेच कळेना.

एकतीस वर्षं लक्ष्मीपुरी ठाण्यात
पंचनामे लिहिले मी.
विहिरीपासून प्रेत किती फूट,
चप्पल डावी की उजवी,
पंच नंबर दोनची सही की अंगठा.
रटाळ लिहितोस म्हणायचे साहेब, पण
माझ्या कागदात मेलेला माणूस
मेलेलाच राहायचा.

इथं तिसऱ्या प्रकरणात बुडालेला दिगंबर
पान एकशे ऐंशीवर चहा पितोय,
बिनसाखरेचा.
इन्स्पेक्टरला दोन बायका, की एकीचीच दोन नावं?
भाऊ जुळा निघतो, मग निघतही नाही.
मध्येच स्वप्न. मध्येच लंडन.
गंगावेशीत दूध कट्ट्यावर बसून
लग्नपत्रिकेच्या पाठीवर नावं मांडली, बाण काढले.
धार काढणारा म्हणाला,
काका, वाटणीचा कागद काय ओ?

खुनी शेवटी जो निघाला
तो आधी कुठं आलाच नव्हता.
उलटं चाळून पाहिलं. दोनदा.

तेव्हा एकशे ऐंशीच्या समासात दिसलं,
पेन्सिलीनं, बारीक :
"हा मेला होता ना?"

कोण असेल. बाई असावी, वेलांट्या गोल.
दंड लागला तर लागू दे.
पेन काढलं, खाली लिहिलं :
होय. मीही पाहिलं होतं.
मग सवयीनं तारीख, वेळ, सही.
पंच नंबर दोन.