ओला की सुका

टाके काढले त्या दिवशी सर्जन म्हणाले,
सहा महिन्यांत रेघ गळ्याच्या वळीत लपेल,
तुम्हालाच शोधावी लागेल.

तिसऱ्या महिन्यात तीच मला शोधत आली.
रात्री अडीचला, खाज होऊन.
नख न लावता खाजवायचं कसं,
बेचाळिसाव्या वर्षी कुणाला विचारणार?
बोटांची पाठ फिरवत पडून राहायचे,
पंखा मोजत.

मी सातवीला भूगोल शिकवते.
माळव्याचं पठार मला तोंडपाठ आहे:
आतून आलं, थरावर थर साचलं, थिजलं.
गळ्यावरचं मात्र फळ्यावर काढता येत नाही.
डॉ. सोनगरा म्हणतात, त्वचेला थांबायचं कळलं नाही,
जखम भरली तरी ती भरतच राहिली.
म्हणजे आमची देवासची आत्या.
ताटावर हात आडवा धरला
तरी बोटांवरून वाढायची.

दर चार आठवड्यांनी पलासियाला.
सुई आत जाते, औषध जात नाही.
डॉक्टरांचा अंगठा दाबून दाबून पांढरा पडतो,
मग वण पांढरा पडतो,
मग मी.
कंपासपेटीतल्यासारखी पट्टी लावून उंची मोजतात.
पाच मिलिमीटर. साडेचार. चार.
दिवाळीत पुन्हा पाच.

मुळ्ये मॅडम म्हणाल्या, कांद्याचा रस.
मंगळसूत्राचे मणी घासायचे म्हणून ते डब्यात ठेवलं,
तर वणापेक्षा त्याचीच चौकशी जास्त झाली.
मेमध्येसुद्धा ओढणी, दोन्ही खांद्यांना पिन.
तरी मागच्या बाकावरून आलंच,
"मैडम, किसी ने काटा था क्या?"
वर्ग चिडीचूप.
हो, म्हटलं. पैसे देऊन कापून घेतलं.
पान अठ्ठावीस काढा.

सिलिकॉनची पट्टी बारा तास लावायची.
बाळाच्या साबणानं धुवायची, पुसायची नाही,
वाऱ्यावर वाळू द्यायची.
मी ती बेसिनवरच्या फरशीला चिकटवते,
दुधावरची साय काढून लावावी तशी.
श्रीरंगला वाटलं, मोबाइलच्या काचेवरचा कागद.
ओला की सुका, एवढंच त्यानं विचारलं,
आणि झोपेत मीच म्हणाले, सुका.

अकराशे रुपये.
गाडीचं गाणं कोपऱ्यावर पोचलं होतं.
केस वर बांधलेले, पायात त्याच्या चपला,
ओढणी खुंटीवर.
अख्खं लोकमान्य नगर बादल्या घेऊन उभं
आणि मी त्यांच्यामधून, गळा उघडा, धावते आहे
असं मला गाडीच्या पत्र्याला हात लागल्यावर कळलं.

"क्या ढूँढ़ रही हो, दीदी?"
मला शब्दच सुचेना. गळ्यावर बोट ठेवलं.
तिनं बघितलं. चांगलं निरखून बघितलं,
आजवर घरातल्या कुणी बघितलं नव्हतं तसं.
हातमोजा काढला, केस मागे सारले.
कानाच्या पाळीवर बोराएवढी गाठ, जांभळी, चकचकीत.
"बाली के लिए छेद करवाया था.
दो बार कटवाई, हर बार बड़ी होके आई."
मग हळूच, "रात को खुजाता है?"
रात को, म्हटलं. अढ़ाई बजे.
ती हसली.

मागून कुणीतरी हॉर्न दिला.
पट्टी सापडली, दुधाच्या पिशवीला चिकटलेली,
चहाच्या पावडरीनं भरलेली.
ती लावण्यात अर्थ नव्हता. तरी मी घेतली.

नवी आणली त्या दिवशी
कात्रीनं तिचा एक कोपरा कापला, बोराएवढा.
बाळाच्या साबणाची वडीही एक घेतली जास्तीची.
दोन्ही पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलंय.
तिची ड्यूटी बदलली म्हणे, कुठल्या वॉर्डात ते कुणाला ठाऊक नाही.
नाव मी विचारलं नव्हतं.

आता साडेतीन आहे.
सकाळी गाणं वाजलं की मी फाटकाशी जाते.
बादली आत राहते,
श्रीरंग मागून ओरडत येतो.