हद्द

जकातनाका उचलून खाडीपलीकडे नेला
त्या रात्री आम्ही झोपेतच मुंबईकर झालो.

घरपट्टी लगेच आली.
खांबाला आधी नंबर मिळाला,
दिवा दोन दिवाळ्यांनी.
नळ तर सातव्या वर्षी,
पहाटे चारला, खोकत, वीस मिनिटं.
तोवर विहिरीवर पाटी लागलेली:
पिण्यास अयोग्य.

वॉर्डातले गोवेकर मोजणीला आले.
म्हणाले, तुम्ही भरता रुपया,
पालिकेचे तुमच्यावर जातात तीन.
गटार, दवाखाना, शाळेचं छप्पर,
हिशेब करा.

बाबल्या केणीनं हिशेब केला.
"मग घेतलंत कशाला आम्हाला?"

गोवेकरांनी चहा बशीत ओतला,
फुंकर घातली,
आणि भातखाचरात टेप धरून उभ्या पोराला म्हणाले,
मागे हो.
अजून.
अजून मागे.